तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि माझा डावा पाय

मी, खाली सही करणारा, वय एकोणतीस, धंदा कालपरवापर्यंत उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणे आणि सध्या पलंगावर बसून भिंत बघणे, राहणार याच खोलीत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. सकाळी साखर मोजली. ती फार वर नाही, फार खालीही नाही. म्हणजे पुढचे सगळे मी लिहितो आहे, साखर लिहीत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणलेला आहे, पण मी तो घेतलेला नाही. कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट म्हणाला, ‘राजीखुशीने’ हा शब्द घालावाच लागतो, नाहीतर पुढे कोणीही येऊन कागद उलटवतो. राजी आहे. खुशीचे नंतर बघू.

हा कागद करण्याचे कारण असे. येत्या मंगळवारी माझ्या डाव्या पायाचा निकाल लागणार आहे. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, घोट्याच्या वरून काढू, पैसे पडणार नाहीत. खासगी दवाखान्यातले पायाचे डॉक्टर म्हणतात, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून देतो, दोन बोटे जातील, पाय राहील. पण त्यांनी जो खर्च सांगितला तो म्हणजे ही खोली, छतासकट. मी सरकारी दवाखाना निवडला आहे. पाय जाईल, खोली राहील. त्या गडबडीत मीही गेलो, तर खोली नको त्याच्या घशात जाऊ नये, यासाठी हा खटाटोप.

कलम एक. खोली.

गॅलरीतून दुसरे दार, एक खिडकी, एक ओटा, नळ आतच. संडास गॅलरीच्या टोकाला, चार घरांत मिळून. ही खोली माझ्या वडिलांनी घेतली. बाबा शहरातल्या बसचे ड्रायव्हर होते. गाडी अशी चालवायचे की उभा असलेला माणूस दांडी न धरता तिकीट काढत असे. मग त्यांना शुगर निघाली. डेपोच्या डॉक्टरने डोळे तपासले आणि त्यांना स्टीअरिंगवरून उतरवून टायरच्या गोदामात बसवले. त्याला ‘हलके काम’ म्हणतात. हलक्या कामाला पगार हलका असतो, औषधे मात्र पूर्वीच्याच वजनाची. दिवसभर टायर मोजायचे आणि बाहेर दुसरा कोणी आपली गाडी रिव्हर्स घेताना ऐकायचे. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, ‘त्याने क्लच जाळला.’ तेव्हापासून आमच्या घरात एक नियम पडला, तो कोणी बोलून दाखवला नाही. साखर झाली तर घरात सांगायचे, कामावर नाही.

माझी शुगर मी नववीत असताना निघाली. त्याच वर्षी शाळा सुटली. शाळेने मला सोडले की मी शाळेला, यावर ताईचे आणि माझे अजून एकमत नाही. त्यानंतर मी ट्रकवर क्लीनर होतो, प्रदर्शनांचे स्टॉल ठोकले, थंड गोदामात पेट्या ओढल्या. ते गोदाम मला आवडायचे, इन्सुलिन ठेवायला आख्खी इमारत फ्रीज. नंतर मालवाहू बोटीवर भटारखान्यात होतो. बोटीवर पहाटे डेकवर गेले की समुद्राला अजून रंग चढलेला नसतो आणि लांबवर दुसऱ्या बोटीचा दिवा दिसतो, आणि आपल्याला वाटते तिथेही कोणीतरी बटाटे सोलत असेल. पण ते इथे लिहायचे कारण नाही. बोटीवर माझ्या सुया सापडल्या आणि पुढच्या बंदराला मला उतरवले. घरी आलो तेव्हा बाबांना जाऊन महिना होत आला होता. आई आधीच गेली होती. खोली बाबांनी माझ्या एकट्याच्या नावावर करून ठेवली होती. ताईचा संसार मांडलेला होता आणि माझा ठावठिकाणा नव्हता. भटक्याला कुठेतरी खुंटी पाहिजे, असे म्हणाले होते म्हणे.

तर ही खोली मी माझ्या भाचीला देतो. ती अठरा वर्षांची झाली की तिने ताबा घ्यावा. तोपर्यंत किल्ली शेजारच्या शिलाईवाल्या मावशींकडे राहील. भाड्याने द्यायची तर मावशींनी द्यावी आणि भाडे भाचीच्या शिक्षणाला लावावे. भाचीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, किल्ली, कागद किंवा कुलूप यांपैकी कशालाही हात लावू नये.

कारण देणे बंधनकारक नाही, असे टायपिस्ट म्हणाला. तरी देतो. भाऊजी खोल्यांची दलाली करतात. माणूस गोड आहे. पण ते दारातून आत आले की आधी छताकडे बघतात, मग माझ्याकडे. बोलताना भिंतीवर बोटाने टकटक करतात. पायाला जखम झाली तेव्हा बघायला आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘काय मेहुणे, ओल आहे का हो?’ मी म्हणालो, आहे थोडी, रोज ड्रेसिंग बदलावे लागते. ते भिंतीबद्दल विचारत होते. खासगी दवाखान्याचा पत्ता पहिल्यांदा त्यांनीच आणला, आणि ‘खोली विकून टाकू’ हे वाक्यही त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा निघाले. दोन्ही एकाच दमात. मी दुधखुळा नाही.

कलम दोन. शिल्लक.

बँकेत जे आहे ते ताईला द्यावे. फार नाही. ताईने माझ्या ड्रेसिंगवर जो खर्च केला त्याचा आकडा ती सांगत नाही. दोनदा विचारले, दोन्ही वेळा तिने भाजीचा विषय काढला. ती पैसे हातात घेणार नाही, म्हणून तिच्या पर्समध्ये ठेवावेत आणि आपण निघून जावे.

शिल्लक एवढी कमी का, असे कोणी विचारले तर सांगावे की उडवली नाही. बाकीचे लोक पगार झाला की कापड घेतात, कुठे फिरून येतात. मी औषधवाल्याकडे जातो. इन्सुलिन, सुया, साखर मोजायच्या पट्ट्या. मग पंधरवड्यातच हात आखडायचा. पट्ट्या महाग म्हणून मी त्या कात्रीने उभ्या कापून एकीच्या दोन करायचो. मशीन कधी आकडा दाखवायचे, कधी चूक म्हणायचे, आणि मला जो आकडा पटेल तो मी खरा धरायचो. औषधवाला मला लांबून बघितले की गल्ल्यामागून उठून उभा राहतो. एवढा मान मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलेला नाही आणि तेच मला खटकते. गेल्या वर्षी त्याने दुकानाला काचेचे दार बसवले. त्यातली एक काच तरी माझी आहे.

डॉक्टर म्हणतात, दिवसातून चार वेळा मोजा. मी म्हणालो, मोजायला बसलो तर कमवायचे कधी? ते म्हणाले, न मोजता कमावले तर पुढे सगळे इकडेच आणून द्याल. हे ते ओरडून नाही, अगदी सहज बोलले, म्हणून लक्षात राहिले. त्यांचा यात काय फायदा, हे मी अजून शोधतो आहे.

कलम तीन. हत्यारे आणि त्यामागचा हिशेब.

माझा हार्नेस, दोन दोर, कड्या, बादली, रबरपट्टी लावलेला काच ओढायचा दांडा, हे सगळे खाटेखाली आहे. दोर वरून धड दिसला तरी आतून बघावा.

हे कोणाला द्यायचे ते सांगण्याआधी काम कसे चालते ते सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. दोरावर आम्ही जोडीने उतरतो. छतावर एकाने दुसऱ्याच्या गाठी तपासायच्या, स्वतःच्या नाही. स्वतःच्या गाठीवर प्रत्येकाचा विश्वास असतो, म्हणून ती तपासायला दुसरा लागतो. पैसे खिडकीमागे मिळतात आणि दोघांच्या खिडक्या एकत्र धरून निम्मे निम्मे. त्यामुळे एकाने बिस्किट खायला हात थांबवला की दुसऱ्याच्या पोटाला चिमटा बसतो.

आता साखर खाली गेली की काय होते? घाम फुटतो, बोटे थरथरतात, समोरच्या एका काचेच्या दोन होतात. जमिनीवरचा माणूस अशा वेळी मटकन खाली बसतो. विसाव्या मजल्यावर बसायचे कशावर? म्हणून मी साखर खाली जाऊच द्यायची नाही असे ठरवले. इन्सुलिन जरा कमी टोचायचे, उतरण्याआधी मूठभर साखर चावायची, खिशात आणखी ठेवायची. माझा जोडीदार, त्याला सगळे सुतळी म्हणतात, कारण अंगाने तो तेवढाच आहे, गाठी तपासून झाल्या की माझा खिसा चाचपायचा आणि म्हणायचा, ‘कारखाना भरला का? चला.’ त्याच्याशिवाय कामावर कोणाला माहीत नव्हते. अशी चार वर्षे मी एकदाही पडलो नाही. साखर मात्र चारही वर्षे वर राहिली, आणि तिने हळूहळू पायातली जाणीव खाल्ली. एक दिवस दांड्याचा तुटका स्क्रू बुटात गेला आणि मी त्यावर दिवसभर चाललो. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा कळले. डोक्याला सांभाळताना पाय गेला. याला मूर्खपणा म्हणणाऱ्याने आधी त्या छताच्या कठड्यावर पाय टाकून दाखवावा.

स्क्रू लागण्याच्या आधीच माझे काम गेले होते असे लोकांना वाटते. तसे नाही. स्क्रू लागला, पट्टी बांधून मी आठवडाभर कामावर गेलो, आणि मग ठेकेदाराने खाली बोलावून सांगितले, ‘तुला शुगर आहे म्हणे. सुया टोचतोस म्हणे. उद्यापासून येऊ नकोस, मला कोणाचा खून पचणार नाही.’ म्हणे, म्हणे. कोणी म्हटले ते सांगेना. ज्याला माहीत होते असा तिथे एकच माणूस होता. आणि माझ्या जागी दुसऱ्याच दिवशी सुतळीला नवा जोडीदार मिळाला, धडधाकट, मिशाळ, बिस्किट न खाणारा. खिडक्या वाढल्या असतील. मी मोजायला गेलो नाही.

म्हणून हत्यारे सुतळीला देऊ नयेत. ती भंगारात घालावीत. टायपिस्ट म्हणाला, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, तसा कायदाच आहे. त्यामुळे मी सुतळीला साक्षीदार करतो. तो रविवारी सहीला येईल. त्याने सहीआधी हे कलम वाचावे आणि वाचताना मी त्याच्या तोंडाकडे बघत असेन.

कलम चार. विमा कंपनी.

आम्ही ज्या इमारतीच्या काचा पुसायचो तिच्या आठव्या मजल्यावर एका विमा कंपनीचे ऑफिस आहे. मी तिथे विमा मागायला गेलो होतो, लिफ्टने, धुतलेला शर्ट घालून. साहेब म्हणाले, आजार आधीपासूनचा आहे, आम्ही घेऊ शकत नाही. मी विचारले, नंतरचा आजार आधी कसा आणू? ते हसले आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. पुढल्याच आठवड्यात त्यांची काच माझ्या वाट्याला आली. आत ते कोणालातरी तसेच हसून पाणी देत होते. त्यांच्या खुर्चीत बसल्यावर जिथे नजर जाते, बरोबर तिथे मी साबणाचा एक ओघळ सोडला. दर वेळी सोडत आलो. हा ओघळ पुढे चालू ठेवणाऱ्याला मी आशीर्वाद देतो. दुसरे द्यायला माझ्याकडे नाही.

कलम पाच. किरकोळ.

साखर मोजायचे मशीन, उरलेल्या पट्ट्या, फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या दवाखान्यात ज्याला परवडत नसेल त्याला द्याव्यात. औषधवाल्याला परत करू नयेत, तो पुन्हा विकेल. ड्रेसिंगला रोज सकाळी जो भाऊ येतो त्याचे महिन्याचे पैसे चुकते आहेत. तो कापूस गरजेपेक्षा जास्त वापरतो असा माझा संशय होता, पण मी त्याला एकदा, मला दिसत नाही ती जखमेची मागची बाजूही पुसताना बघितले, तेव्हा संशय मागे घेतला. अर्धा.

इथपर्यंत शनिवारी लिहिले. सहीपुरती जागा सोडली होती. ती पुरणार नाही असे दिसते, कारण आज रविवार आहे आणि खालचे घडले आहे. टायपिस्टने सांगितले आहे की आधीच्या आणि नंतरच्या कलमात भांडण झाले तर नंतरचे धरतात. तसेच धरावे.

कलम सहा.

सुतळी ठरल्याप्रमाणे आला. केळी घेऊन आला आणि मग कपाळावर हात मारून केळी गॅलरीत मावशींना देऊन आला. मी कागद पुढे केला. तो वाचायला वेळ घेतो, ओठ हलवत वाचतो. तिसरे कलम वाचून झाले तरी त्याचे तोंड पडले नाही. उलट चौथ्यावर तो हसला, ओघळाचे त्याला माहीत नव्हते. मग म्हणाला, ‘साखऱ्या, नवा जोडीदार मला मागे ओढतो. त्याला उंचीची भीती वाटते. खिडक्या कमी झाल्या आहेत.’

मी म्हणालो, विषय बदलू नकोस.

‘मी नाही सांगितलं,’ तो म्हणाला. ‘ज्यांनी सांगितलं ते मला माहीत आहे. मी तिथेच बादल्या धूत होतो. पण ते माझ्या तोंडून नको. तुझ्या ताईला विचार.’

मला वाटले, ताईला भाऊजींबद्दल विचारायला सांगतो आहे. माझे चक्र तिकडेच फिरत होते. काम बंद, पगार बंद, मग खोली विकण्यावाचून इलाज नाही. दलाल माणसाला एवढा डाव सहज सुचेल. ताई दुपारी डबा घेऊन आली. सुतळी तिथेच होता, मी त्याला जाऊ दिले नाही. तिने डबा ओट्यावर ठेवला, सुतळीकडे बघितले, माझ्या हातातल्या कागदाकडे बघितले, आणि काय विचारणार ते तिला कळले.

‘ह्यांनी नाही,’ ती म्हणाली. ‘मी सांगितलं ठेकेदाराला.’

तिने जे सांगितले ते असे. ती त्या बाजूला भाचीच्या शाळेच्या कामाला आली होती. समोरच्या फुटपाथवरून वर बघितले तर मी दिसलो. एवढ्या लांबून ओळखलेस कशावरून, असे मी मध्येच विचारले. ती म्हणाली, तू लहानपणापासून डावीकडून उजवीकडे फडके मारतोस, उलटे. ती उभी राहून बघत होती. सगळ्यांचे हात चालू होते आणि माझा एकाच काचेवर थांबला होता. दांडा वर धरलेला, तसाच. मग सुतळी बाजूने झोका घेऊन माझ्याजवळ आला आणि माझ्या तोंडात काहीतरी भरवू लागला. मला त्यातले काहीच आठवत नाही. मी सुतळीकडे बघितले. तो नखे बघत होता. त्याने मलाही कधी सांगितले नव्हते.

‘दुसऱ्या दिवशी गेले ठेकेदाराकडे,’ ताई म्हणाली. ‘म्हटलं, त्याला खाली काहीतरी काम द्या, दोर मोजायला बसवा, काहीही. तो हो म्हणाला. मला काय माहीत हाकलून देईल.’

‘बाबांसारखं टायर मोजायला,’ मी म्हणालो.

‘हो. टायर मोजायला. टायर मोजणारा माणूस घरी येतो रे भिंगरी.’

ती मला लहानपणापासून भिंगरी म्हणते. मी तिला सुनावले. ठेवणीतले जेवढे होते तेवढे काढले. म्हणालो, आधी काम घालवलेस, आता खोली विकायला नवऱ्याला पुढे केलेस, दोघांचे बरे जमते. सुतळी उठायला लागला, ती म्हणाली बस. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

‘खोली विका असं मी म्हटलं. ह्यांचं म्हणणं होतं, दवाखान्यासाठी कर्ज काढू, भाड्याने देऊन हळूहळू फेडू, खोली हातची घालवू नका. मीच म्हटलं, नाही, तुम्ही त्याला विका असंच सांगा. माझ्या तोंडून ऐकलं तर तो ऐकणार नाही.’

‘आणि त्यांच्या तोंडून ऐकेन?’

‘चुकलंच ते.’ मग म्हणाली, ‘बाबांचं कसं झालं ते तुला कधी सांगितलं नाही. किडनी गेली होती. आठवड्यातून तीनदा मशीनवर घ्यायचं होतं. तेव्हाही डॉक्टरांनी खर्च सांगितला, तेव्हाही ही खोली होती. मी म्हटलं विकू. बाबा म्हणाले, मग तो येईल तेव्हा जाईल कुठे? दोनदा मशीनवर गेले, तिसऱ्यांदा उठलेच नाहीत पलंगावरून. मला म्हणाले, दार लाव, ऊन येतंय. मी त्यांचं ऐकलं. खोली वाचवली आपण. ही बघ, आहे.’

मी विचारले, इतकी वर्षे का नाही बोललीस.

‘तू आलास तेव्हा तुझ्याकडे एक पिशवी होती आणि डोक्यावर हे छप्पर होतं. त्यात काय सांगायचं?’

मला संशय घ्यायची सवय आहे, तो मी इथेही घेऊन बघितला. हे आत्ताच का सांगते, मला गुंतवायला रचलेले तर नाही ना. पण ती रडली नाही. रचणारा माणूस रडला असता. तिने उठून डबा उघडला, मला इन्सुलिन टोचायची आठवण केली, आणि मी टोचत असताना माझ्या पायावरची चादर सारून पायाकडे बघत राहिली. भाऊजी छताकडे बघतात तसे नव्हे.

कलम सात. खोलीबाबत दुरुस्ती.

वरील कलम एक रद्द समजावे. भाचीने राग मानू नये, तिच्या वाट्याला मामा येण्याची थोडी शक्यता आहे.

खोली विकायची आहे. भाऊजींना बोलावले. ते आले, सवयीने छताकडे बघितले, मग लाजले. गिऱ्हाईक कोण, असे विचारले तर म्हणाले, तयार आहे. गिऱ्हाईक इतके लवकर तयार कसे, हे मी विचारलेच. तर गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या शिलाईवाल्या मावशी. ज्यांच्या हाती मी काल किल्ली देत होतो त्यांचाच खोलीवर डोळा. मी तसे त्यांना तोंडावर म्हटले. त्या दारात उभ्या होत्या, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, ‘अरे, दोन मशीन ठेवायला जागा नाही म्हणून गेली पाच वर्षं रडते आहे मी, सगळ्या मजल्याला माहीत आहे. लपवलं कधी?’ लपवले नव्हते हे खरे. उघड बोलणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे माझे राहूनच गेले. त्या उद्या बयाणा देतात, त्यावर खासगी दवाखाना बुधवारी भरती करून घेतो. बाकीची रक्कम खरेदीखताच्या दिवशी थेट दवाखान्यात जावी, मध्ये कोणाच्या खिशात थांबू नये.

भाऊजी म्हणाले, दलाली घेणार नाही. दलाल दलाली सोडतो तेव्हा मला झोप लागत नाही. म्हणून त्यांनी नेहमीच्या दलालीच्या निम्मी घ्यावी, पावती द्यावी, आणि पावतीची एक प्रत ताईकडे ठेवावी. त्यांना हे फार लागले. पण घेतो म्हणाले. निम्मी घेणारा माणूस मला समजतो.

पाय राहिला तर मी ताईकडे राहीन. तिथे दोन खोल्यांत तीन माणसे आहेत, मी चौथा. भाऊजींनी मोजून घ्यावे.

कलम आठ. हत्यारांबाबत दुरुस्ती.

हार्नेस आणि दोर सुतळीला द्यायचे मनात आले, आणि त्यासाठी त्याचे साक्षीदारपण काढून घ्यायला मी तयार होतो. तो म्हणाला, ‘मेलेल्याचा हार्नेस कोणी घालत नाही, आणि जिवंताचा तूच घाल.’ मी पुन्हा दोरावर जाणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तेव्हा हत्यारे आहेत तिथेच, खाटेखाली. खाटेसकट मावशींना विकू नयेत.

तिसऱ्या कलमातले सुतळीबद्दलचे शब्द खोडावेत असे ताईचे म्हणणे. सुतळी म्हणाला, राहू दे, त्याने एवढं मोठं अक्षर काढलंय. ते तसेच ठेवतो. वाचणाऱ्याने मात्र ते खोटे समजावे.

कलम नऊ. शेवटचे.

डॉक्टरांनी सांगितले आहे की रक्तवाहिनी उघडली तरी पाय टिकेलच याची हमी नाही, आणि माझी साखर अशीच राहिली तर दुसराही याच वाटेने जाईल. हमी न देणारे डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटले, म्हणून त्यांच्याकडे जातो आहे.

मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही, किंवा एका पायाने उठलो, तर कोणी ताईला असे म्हणू नये की खोलीही गेली आणि माणूसही गेला. हे बोलणारे निघतील, मी त्यांना ओळखतो, काही याच मजल्यावर राहतात. त्यांना हा कागद दाखवावा. खोली गेलेली नाही, कोणी लाटलेली नाही, ताईने तर नाहीच. माझ्या वडिलांनी ती माझ्यासाठी स्वतःवर खर्च केली नाही. मी ती शुद्धीत, राजीने, या वेळी खुशीनेही, माझ्यावर खर्च करतो आहे. आता देण्यासारखे माझ्याकडे काही उरत नाही, म्हणून हे मृत्युपत्र इथेच संपते.

ठिकाण : हीच खोली, आणखी थोडे दिवस.
दिनांक : चौदा, रविवार, दुपारचे ऊन ओट्यापर्यंत आलेले असताना.

सही करणारा : (सही) बसच्या ड्रायव्हरचा मुलगा, पूर्वीचा काचवाला

साक्षीदार पहिला : (सही) सुतळी. सगळे वाचले. माझ्याबद्दलचे दोनदा वाचले. गाठी तपासल्या आहेत.

साक्षीदार दुसरा : (सही) ड्रेसिंगला येणारा. कापूस लागतो तेवढाच वापरतो.